दंतवैद्याचे कार्ड आणि दुकानाचे कार्ड

अनेक व्यापारी घरांत आज एखादी मुलगी, मुलगा किंवा सून दंतवैद्य असते. बीडीएसची चार वर्षे, त्यानंतर वर्षभराची इंटर्नशिप, एमडीएस केले तर आणखी तीन वर्षे, एवढी वाटचाल करून ती घरी येते, तेव्हा सारे घर दवाखान्याच्या उभारणीला लागते. वडील बाजारपेठेजवळ जागा पाहतात. खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्स-रे यंत्र, निर्जंतुकीकरणाचे ऑटोक्लेव्ह यांसाठी कर्ज काढले जाते. फरशी कोणत्या रंगाची असावी यावर दोन आठवडे खल होतो. आणि उद्घाटनाला चार दिवस उरले असताना कोणाच्या तरी लक्षात येते की कार्ड छापायचे राहून गेले आहे. मग ज्या छापखान्यात दुकानाची बिलबुके वर्षानुवर्षे छापली जातात, तिथेच फोन जातो. मजकूर तोंडी सांगितला जातो. छापखान्यातला मुलगा संगणकावरील जुना नमुना उघडतो, त्यातील गणपती काढून तिथे हसरी दाढ बसवतो, आणि संध्याकाळी हजार कार्डांची डबी घरपोच होते.

त्या कार्डावर सर्व काही असते. वर निळ्या-हिरव्या छटा, डावीकडे दाढ, उजवीकडे पांढरेशुभ्र दात दाखवणारी एक अनोळखी परदेशी स्त्री, खाली बारा उपचारांची यादी, ‘वेदनारहित उपचाराची हमी’, दोन मोबाइल, एक लँडलाइन, फेसबुक, इन्स्टाग्राम आणि कोपऱ्यात ‘हे कार्ड दाखवा, सवलत मिळवा’. पत्ता मात्र तळाशी, चष्मा लावूनही वाचता येणार नाही एवढ्या अक्षरांत.

यात छापखान्याला दोष देण्याचे कारण नाही. त्याने दुकानाचे कार्ड छापले, कारण त्याला दुकानाचेच कार्ड सांगितले गेले. घाऊक व्यापाऱ्याच्या कार्डाला तसे असण्याचे कारणही असते. तिथे घेणारा गिऱ्हाईक स्वतः व्यापारी असतो. पेढी कोणकोणत्या मालाचा व्यवहार करते, कोणत्या कंपन्यांची एजन्सी आहे, दुसऱ्या गावी शाखा आहे का, हे त्याला एका दृष्टीत हवे असते. भरगच्च कार्ड हे तिथे भरल्या गोदामाचे चिन्ह ठरते. दंतवैद्याचे कार्ड ज्याच्या हातात पडते तो माणूस वेगळा आणि त्याची वेळही वेगळी. रात्री साडेदहाला गाल सुजला आहे, ठणका कानापर्यंत गेला आहे, आणि घरातले कोणी तरी फ्रिजवर चुंबकाखाली अडकवलेल्या चिठ्ठ्यांमधून कार्ड शोधत आहे. किंवा सत्तरीच्या आजीला नातवाने कवळीसाठी घेऊन जायचे आहे आणि दवाखाना कितव्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे की नाही, हे त्यांना आधी ठाऊक असायला हवे. या माणसांना बारा उपचारांची यादी नको असते. त्यांना नाव, फोन, जागा आणि वेळ एवढेच हवे असते, आणि तेही चटकन.

कायद्याची बाजू तर बहुतेक घरांत विचारातही घेतली जात नाही. दुकान कसे चालवावे हे व्यापाऱ्याच्या मर्जीवर सोडलेले आहे. दवाखाना तसा सोडलेला नाही. १९४८ च्या दंतवैद्य कायद्यानुसार स्थापन झालेल्या भारतीय दंत परिषदेने वर्तनाचे नियम घालून दिले. १९७६ च्या नियमांची जागा पुढे २०१४ च्या सुधारित नियमावलीने घेतली. २०२३ मध्ये संसदेने जुन्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदाही संमत केला. या साऱ्यामागचे सूत्र मात्र बदललेले नाही. रुग्ण मिळवण्यासाठी मध्यस्थ नेमणे, रुग्ण पाठवल्याबद्दल कोणाला कमिशन देणे किंवा घेणे, स्वतःची स्तुती करून रुग्ण ओढणे, हे सारे व्यावसायिक गैरवर्तन मानले जाते. नवा दवाखाना सुरू झाला, पत्ता बदलला, काही काळ बंद राहून पुन्हा सुरू झाला, अशी औपचारिक सूचना देण्यास हरकत नाही. नावापुढे लावायच्या पदव्याही मान्यताप्राप्त असाव्या लागतात. आणि राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक दवाखान्यात, औषधाच्या चिठ्ठीवर, प्रमाणपत्रावर आणि पावतीवर दाखवणे बंधनकारक आहे. कार्डावरही तो छापावा. एका ओळीत मावतो आणि कोणत्याही घोषवाक्यापेक्षा अधिक सांगतो.

व्यापारी मनाला यातला कमिशनचा भाग सर्वांत अवघड जातो. बाजारात दलाली हा व्यवहाराचा प्रतिष्ठित भाग आहे. ज्याने गिऱ्हाईक आणून दिले त्याला त्याचा हिस्सा पोहोचवणे ही नीती समजली जाते. त्यामुळे वडिलांना सहज सुचते की कार्डाच्या मागे एक रिकामी ओळ ठेवावी, ‘पाठवणाऱ्याचे नाव’. ओळखीच्या औषधविक्रेत्याकडे शंभर कार्डे ठेवावीत, महिनाअखेरीस परत आलेली कार्डे मोजावीत आणि हिशेब करावा. दुकानदारीच्या दृष्टीने ही पद्धत चोख आहे. पण तेच कार्ड उद्या तक्रारीसोबत राज्य परिषदेपुढे गेले, तर तोच चोख हिशेब पुरावा ठरतो, आणि तिथे प्रश्न दंडाचा नसून नोंदणीचा असतो. नोंदणी गेली की मुलीची सारी वर्षे आणि कर्जावर घेतलेली खुर्ची दोन्ही निरुपयोगी होतात. सवलतीचे कूपन आणि ‘कार्ड दाखवा’ ही भाषा त्याच वाटेने जाते. ती कार्डावर असता कामा नये.

दात बसवून देणाऱ्याने जाहिरात करू नये, हा संकेत मात्र फार प्राचीन नाही. अमेरिकन क्रांतीच्या इतिहासात घोड्यावरून दौडत इशारा देणारा म्हणून प्रसिद्ध झालेला बोस्टनचा पॉल रिव्हियर हा व्यवसायाने रुपेकार होता, आणि काही काळ तो कृत्रिम दातही बसवून देत असे. १७६८ आणि १७७० या वर्षी त्याने वृत्तपत्रांत त्याच्या जाहिराती दिल्या होत्या. गंमत अशी की हाच माणूस तांब्याच्या पत्र्यावर कोरीवकाम करून इतर व्यापाऱ्यांची कार्डेही तयार करून देई. त्या काळी दात बसवणे हे कारागिराचे काम होते, म्हणून जाहिरातही कारागिराचीच होती. पुढे दंतवैद्यक शिकण्याचा आणि नोंदणीचा विषय झाले. भारतात डॉ. रफिउद्दिन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात पहिले दंत महाविद्यालय काढले, आणि १९४८ मध्ये देशभरासाठी कायदा झाला. कारागिराची सुटलेली जीभ तिथे आवरली गेली, आणि त्याबद्दल रुग्णांनी कृतज्ञच राहावे.

आता प्रत्यक्ष कार्डाकडे वळू. आपल्याकडे रूढ आकार साडेतीन इंच बाय दोन इंच, म्हणजे सुमारे ८९ बाय ५१ मिलिमीटर. बँकेचे कार्ड ८५.६० बाय ५३.९८ मिलिमीटरचे असते, आणि पाकिटांचे खण त्याच मापाने शिवलेले असतात. दाताच्या आकाराचे कापलेले, गोल किंवा घडीचे कार्ड एकदा कौतुकाने पाहिले जाते आणि पाकिटात बसत नाही म्हणून टेबलावरच राहते. रूढ आकार सोडण्यात काहीही शहाणपण नाही.

नाव सर्वांत मोठे असावे. दवाखान्याचे असो वा डॉक्टरांचे, पण दोन्ही सारख्याच मोठ्या अक्षरांत नकोत. नावाखाली पदवी, आणि पदवीखाली एका ओळीत त्या पदवीचा मराठी अर्थ. एमडीएसच्या मान्य शाखा नऊ आहेत, आणि त्यांची इंग्रजी नावे सर्वसामान्य रुग्णाला काहीच सांगत नाहीत. ‘ऑर्थोडॉन्टिस्ट’ याखाली ‘वेडेवाकडे दात सरळ करण्याचे तज्ज्ञ’, ‘पेडोडॉन्टिस्ट’ याखाली ‘लहान मुलांचे दंततज्ज्ञ’, ‘पेरिओडॉन्टिस्ट’ याखाली ‘हिरड्यांचे तज्ज्ञ’ असे लिहिले की काम झाले. इथे एक सावधगिरी हवी. इम्प्लांट किंवा सौंदर्यदंतोपचार ही त्या नऊ शाखांपैकी स्वतंत्र शाखा नाही. आठवड्याभराच्या अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र भिंतीवर खुशाल लावावे. त्याच्या बळावर कार्डावर ‘इम्प्लांटतज्ज्ञ’ लिहिणे म्हणजे तराजूखाली अंगठा ठेवण्यासारखे आहे. बीडीएस ही स्वतःच पूर्ण आणि सन्मान्य पदवी आहे. ‘दंतवैद्य’ एवढे पुरेसे आहे.

स्वतःचे छायाचित्र छापण्याचा मोहही टाळलेला बरा. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत डॉक्टरांनी लेटरहेडवर किंवा पाटीवर स्वतःचे छायाचित्र छापणे हे आत्मजाहिरात म्हणून निषिद्ध मानले आहे. ती नियमावली एमबीबीएस डॉक्टरांची असली तरी दंतवैद्याने तिच्याकडे डोळेझाक करावी असे तीत काही नाही. रुग्णांच्या दातांची ‘आधी आणि नंतर’ची चित्रे तर मुळीच नकोत, ते दात कोणाचे तरी आहेत. राहता राहिली ती परदेशी स्त्री. तिचे हास्य विकत किंवा फुकट मिळणाऱ्या चित्रसंग्रहातले असते, आणि त्याच गावातील दुसऱ्या दवाखान्याच्या कार्डावर तीच स्त्री तशीच हसत असण्याचा संभव असतो. रंगांविषयी फार बोलण्यासारखे नाही. पार्श्वभूमी फिकी, अक्षरे गडद. लाल रंग जपून वापरावा, कारण दंतवैद्याच्या दारात तो रंग कशाची आठवण करून देतो हे सांगायला नको. हल्ली राखाडी रंगात बारीक अक्षरे छापण्याची जी टूम निघाली आहे ती पंचविशीतल्या डोळ्यांची आहे. दवाखान्यात मात्र मोतीबिंदू झालेलेही येतात.

अक्षरांच्या बाबतीत देवनागरीची गरज रोमनहून वेगळी आहे, आणि बहुतेक कार्डे इथेच फसतात. शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा आणि रफार, खाली उकार आणि जोडाक्षरे, एवढा पसारा एका ओळीत मावायचा असतो. रोमन अक्षरे आठ पॉइंटला सहज वाचता येतात. त्याच मापाच्या देवनागरीत अक्षराचा मूळ देह बारीक होतो आणि ‘दंतशल्यचिकित्सक’सारखा शब्द शाईचा ठिपका बनतो. मराठी मजकूर दहा पॉइंटच्या खाली आणू नये, आणि दोन ओळींत अंतर मोकळे ठेवावे, नाही तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. दुसरी अडचण फॉन्टची. अनेक छापखान्यांत अजून जुन्या पद्धतीचे मराठी फॉन्ट चालतात. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला युनिकोड मजकूर त्यांत उतरवताना वेलांटी उडी मारते, अर्धे अक्षर सुटे पडते. संगणकाच्या पडद्यावर ‘डॉ.’ बरोबर दिसला म्हणजे तो कागदावरही बरोबर येईलच असे नाही. म्हणून कागदावर काढलेले प्रूफ हातात घेऊन, अक्षर न् अक्षर वाचून, सही करूनच छपाईला सोडावे. हे काम मुहूर्ताच्या गडबडीत होत नाही. त्यासाठीच कार्डाचे काम फरशीच्या आधी घ्यायला हवे.

मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा हव्या असतील तर एकाच बाजूला दाटी न करता पुढे मराठी, मागे इंग्रजी असे करता येते. पण मग मागच्या बाजूचा खरा उपयोग बुडतो. दंतवैद्याच्या कार्डाची मागची बाजू ही त्याच्या व्यवसायाची खास गरज आहे. रूट कॅनाल अनेकदा एका बैठकीत संपत नाही. तारा बसवलेल्या मुलाला साधारण चार ते सहा आठवड्यांनी यावेच लागते, आणि तेही वर्ष-दीड वर्ष. कवळीच्या मापाला चार-पाच फेऱ्या होतात. रुग्ण ठरल्या वेळी आला नाही तर तो तास परत मिळत नाही. दुकानातला न विकलेला माल उद्या विकता येतो. रिकामा गेलेला तास कोणत्याही वहीत जमेला धरता येत नाही. म्हणून मागे ‘पुढील भेट’ असे शीर्षक आणि वार, तारीख, वेळ यांसाठी तीन-चार रिकाम्या ओळी असाव्यात. स्वागतकक्षातल्या मुलीने त्या बॉलपेनने भराव्यात. मोबाइलवरचा निरोप पुसला जातो. भिंतीवरच्या कॅलेंडरला टाचलेले कार्ड घरातल्या सर्वांना दिसते.

आता बॉलपेनने लिहायचे म्हटले की कागदाचा प्रश्न येतो. दोन्ही बाजूंनी चकचकीत लॅमिनेशन केलेल्या कार्डावर शाई ठरत नाही, बोट लागले की पसरते. तोडगा म्हणून छापखाने एकाच बाजूला लॅमिनेशन करून देतात, आणि जूनमध्ये पावसाळा सुरू झाला की ते कार्ड पापडासारखे वळते, कारण उघडी बाजू दमट हवा शोषते आणि बंद बाजू शोषत नाही. त्यापेक्षा तीनशे जीएसएमच्या आसपासचा, लॅमिनेशन नसलेला, किंचित खरखरीत कागद घ्यावा. तो दिसायला साधा असतो, पण त्यावर लिहिता येते.

स्वस्तातल्या हजार कार्डांमागचे गणितही समजून घेण्यासारखे आहे. मोठ्या ऑफसेट यंत्रावर एकाच मोठ्या कागदावर अनेक गिऱ्हाइकांची कार्डे एकत्र छापतात. दंतवैद्याच्या शेजारी मिठाईवाला असतो आणि त्याच्या शेजारी फर्निचरवाला. प्लेट आणि शाई सर्वांत वाटली जाते, म्हणून दर कमी लागतो. पण मिठाईवाल्याच्या केशरी रंगासाठी शाई वाढवली की शेजारच्या निळ्यावरही तिची छाया पडते. रंग नेमका हवा असेल तर ही पद्धत सोडावी लागते. शिवाय नव्या दवाखान्याने पहिल्याच खेपेस हजार कार्डे छापूच नयेत. पहिल्या सहा महिन्यांत वेळ बदलते, साप्ताहिक सुट्टी बदलते, दुसरा फोन घेतला जातो. डिजिटल छपाईत शंभर-दोनशे कार्डे निघतात. दर कार्डामागे ती महाग पडतात, पण आठशे रद्दी कार्डांपेक्षा स्वस्तच. पडून राहिलेल्या मालाचा हिशेब व्यापारी घराला निराळा शिकवायला नको.

क्यूआर संकेताची आता सवय झाली आहे. १९९४ मध्ये जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनीत मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तो तयार झाला. कार्डावर तो साधारण दोन सेंटिमीटर चौरस असावा आणि भोवती मोकळी पांढरी चौकट राखावी. ती चौकट रंगाने भरली तर कॅमेरा गोंधळतो. त्याने दवाखान्याचा नकाशा उघडावा, तेवढाच उपयोग पुरे. पैसे भरण्याचा संकेत कार्डावर छापणे बरे दिसत नाही. शिवाय एकदा छापलेला साधा संकेत बदलता येत नाही. त्यात भरलेला दुवा बंद पडला की ती चौकट नुसती नक्षी उरते, म्हणून पत्ता शब्दांतही हवाच. आणि पत्ता आपल्या गावाच्या रीतीने लिहावा. भूखंड क्रमांक आणि सर्व्हे नंबर पोस्टाला लागतात; रुग्णाला ‘बँकेच्या वर, पहिला मजला, जिना मागच्या बाजूने’ हे लागते. लिफ्ट असेल तर तसे लिहावे. नसेल आणि जिना अरुंद असेल, तर ‘ज्येष्ठांनी आधी फोन करावा’ ही ओळ सुजाणपणाची ठरते. फोनचा आकडा इंग्रजी अंकांत, पाच-पाचच्या दोन गटांत छापला म्हणजे दाबताना चुकत नाही. तो क्रमांक दवाखान्याचा असावा, दुकानाचा नव्हे. ठणका लागलेल्या माणसाचा फोन गादीवर बसलेल्या काकांनी उचलून तुरीचा भाव सांगितला, तर विनोद होतो, पण रुग्ण दुसरीकडे जातो.

एवढे सारे झाल्यावर मागच्या बाजूला दोन ओळींची जागा उरली, तर तिचा उपयोग जाहिरातीपेक्षा चांगला करता येतो. खेळताना पडून मुलाचा पक्का दात समूळ निखळतो, तेव्हा बहुतेक घरांत तो रुमालात गुंडाळून दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेतात, आणि तोवर वेळ गेलेली असते. तो दात मुळाला हात न लावता वरच्या पांढऱ्या भागाने धरावा. मळला असेल तर नुसता हलकेच धुवावा, घासू नये. जमल्यास लगेच जागेवर बसवावा, नाही तर थंड दुधात ठेवून तासाभराच्या आत, शक्य तो त्याहूनही लवकर, दवाखाना गाठावा. दुधाचा दात मात्र पुन्हा बसवत नाहीत. ‘पक्का दात निखळल्यास : दुधात ठेवा, लगेच फोन करा’ एवढ्या शब्दांत हे कार्डावर मावते. यात कोणाची स्तुती नाही, सवलत नाही, हमी नाही, त्यामुळे कोणत्याही नियमाचा भंग होत नाही. आणि शाळेच्या दप्तरात किंवा क्रीडाशिक्षकाच्या खिशात ते कार्ड ठेवायला लोकांना स्वतःहून कारण मिळते.

काही एमडीएस तज्ज्ञ स्वतःचा दवाखाना न काढता चार-पाच दंतवैद्यांकडे ठरलेल्या वारी जातात. त्यांचे कार्ड रुग्णासाठी नसून सहकारी दंतवैद्यांसाठी असते. त्यावर पाच ठिकाणचे पत्ते आणि वेळा दाटीने छापण्यापेक्षा नाव, पदवी, शाखा, नोंदणी क्रमांक आणि एकच फोन एवढे पुरते. वाचणाऱ्याला व्यवसायाची भाषा कळते, तिथे मराठी अर्थाचीही गरज नाही.

छपाईला सोडण्यापूर्वीची परीक्षा घरातच घेता येते. प्रूफ घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीच्या हातात, चष्म्याशिवाय आणि संध्याकाळच्या दिव्यात द्यावे आणि फोनचा आकडा वाचायला सांगावा. तो आकडा कार्डावरूनच दाबून पाहावा, पाठ आहे म्हणून नव्हे. क्यूआर संकेत दोन वेगळ्या मोबाइलांवर, कागदावरून उघडावा. मागच्या ओळींवर बॉलपेनने तारीख लिहून लगेच अंगठा फिरवावा. शेवटी दवाखाना न पाहिलेल्या एखाद्या नातेवाइकाला केवळ कार्डाच्या आधारे तिथवर यायला सांगावे. तो ज्या वळणावर थांबून फोन करील, तिथली खूण पत्त्यात राहिली आहे असे समजून ती ओळ पुन्हा लिहावी.